डोंगराची उंची मीटरमध्ये: सह्याद्रीपासून हिमालयापर्यंत कामी येणारी सवय

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरताना आम्ही एका कड्यावरून रॅपलिंग, म्हणजे रोपावरून खाली उतरणं, लावलं होतं. कडा किती, तर शंभर फुटी. गावातले मामा तेच म्हणाले, आमच्याआधी जाऊन आलेल्या पोरांनीही तेच सांगितलं. आमच्याकडे ६० मीटरचा रोप होता. अँकरमधून, म्हणजे वर रोप जिथे अडकवतात तिथून, दुहेरी सोडला की तो ३० मीटर खाली पोचतो आणि ३० मीटर म्हणजे शंभर फूट, असं मी धरून चाललो. मध्ये कातळाचा फुगवटा असल्याने वरून तळ दिसत नव्हता. पहिला मुलगा उतरला आणि जरा वेळाने शिट्टीऐवजी हाक आली, "दादा, रोप संपला!" रोपाच्या दोन्ही टोकांना मारलेल्या गाठींवर तो अडकला होता आणि पायाखाली अजून पुरुषभर उंची बाकी होती. दुसरा रोप सोडून त्याला खाली घेतलं. गाठी मारल्या नसत्या तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

शंभर फूट म्हणजे ३०.४८ मीटर. म्हणजे रोप कागदावरच अर्धा मीटर कमी होता. वर अँकरला आणि खाली गाठींना लागलेला रोप वेगळाच. आणि तो शंभरचा आकडा मुळात कुणी मोजलेला नव्हता, तोंडी चालत आलेला होता.

आपल्याकडे रोप मीटरमध्ये, त्याची जाडी मिलिमीटरमध्ये, वाट किलोमीटरमध्ये आणि डोंगर मात्र फुटांत असतो. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला, १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १९६२ पासून मेट्रिक मापं सक्तीची झाली. कापड मीटरवर गेलं, दूध लिटरवर गेलं, डोंगर तेवढा मागे राहिला. याचं एक कारण म्हणजे इंग्रजी अमदानीतली गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं. त्यांतल्या किल्ल्यांच्या उंच्या फुटांत होत्या, तिथून त्या पुस्तकांत आल्या आणि पुस्तकांतून आपल्या तोंडी बसल्या. दुसरं कारण साधं आहे: कळसूबाईचे ५४०० फूट १६४६ मीटरपेक्षा भारी वाटतात. पण हिमालयातल्या शिखरांना आपण सहज 'अष्टहजारी' म्हणतो, तो शब्द मीटरचाच आहे. ८००० मीटरच्या वरची १४ शिखरं हा हिशेब फुटांत मांडायचा तर २६,२४७ फुटांच्या वरची शिखरं म्हणावं लागेल. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेच्या संघाने २०१९ मध्ये कांचनजुंगा सर केलं, तेव्हा ८५८६ हाच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. म्हणजे मीटर आपल्याला परका नाही, तो फक्त घरच्या डोंगरावर आणायचा आहे. मी ज्या क्रमाने ही सवय लावून घेतली, त्याच क्रमाने सांगतो.

पायरी १: तीन आकडे वेगळे करा

एकक बदलण्याआधी आपण नेमकी कशाची उंची बोलतोय ते ठरवा. माथा समुद्रसपाटीपासून किती, पायथा समुद्रसपाटीपासून किती आणि आपल्याला प्रत्यक्ष चढायचं किती, हे तीन वेगळे आकडे आहेत. कळसूबाई १६४६ मीटर. पण पायथ्याचं बारी गावच घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे पायांना पडणारा चढ त्याच्या निम्म्याच्या आसपास, ढोबळमानाने ८०० ते ८५० मीटर. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा कमी. पण कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने गेलात तर चढ हजार मीटरच्या घरात जातो आणि पाचनईहून गेलात तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. गड तोच, उंची तीच, दिवस मात्र अगदी वेगळा.

सह्याद्रीत मधल्या खिंडीत उतरून पुन्हा चढावं लागतं, म्हणून चौथा आकडाही धरा: सगळ्या चढांची बेरीज. डोंगररांगेवरून जाणाऱ्या रेंज ट्रेकला खरी दमछाक त्यात असते. ट्रेकच्या माहितीत "उंची ४५०० फूट" एवढंच लिहिलेलं असेल, तर ते माथ्याबद्दल आहे की चढाबद्दल, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

पायरी २: तोंडी हिशेब शिका

१ फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. कॅल्क्युलेटर आहेच, पण वाटेवर हात काठीला किंवा कातळाला असतो, म्हणून ही रीत पाठ करा.

फुटांचे मीटर करायचे तर एक शून्य काढा आणि तीनने गुणा. ५४०० चे ५४०, त्याचे तीनपट १६२०. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नेमकं हवं असेल तर शेकडा दीड-पावणेदोन वाढवा: १६२० मध्ये २६ मिळवले की १६४६, कळसूबाई हजर. सालोट्याचा शेजारी साल्हेर किल्ला ५१४१ फूट: ५१४ गुणिले तीन १५४२, त्यात २५ मिळवून १५६७. तोरणा ४६०३ फूट: १३८१ आणि २२, म्हणजे १४०३.

उलट जायचं तर मीटरला तीनने गुणून त्यात दहावा हिस्सा मिळवा. १४०३ चे ४२०९, त्यात ४२१ मिळवून ४६३०. हा आकडा किंचित जास्त येतो, शंभरात अर्ध्याहून थोडा अधिक. तेवढा वजा केलात की झालं.

पण ही रीत कुबडीसारखी वापरा. रोज भाषांतर करत बसलात तर मीटर कधीच आपला होणार नाही. त्यासाठी पुढची पायरी आहे, आणि सगळ्यांत मोलाची मला तीच वाटते.

पायरी ३: मीटर पायांत बसवा

कोणतंही माप आकड्याने कळत नाही, अंगाने कळतं. विहिरीची खोली परसात सांगणाऱ्या माणसाला परस म्हणजे काय हे हात वर करून उभं राहिलं की कळायचं. मीटरचंही तसंच करावं लागतं.

इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटर. म्हणजे शंभर मीटरचा चढ म्हणजे तेहतीस मजले जिन्याने. पुण्याच्या मंडळींकडे तर आयतं माप आहे: सिंहगड. आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंतचा चढ सहाशे मीटरच्या आसपास भरतो. आपल्याला तो चढायला दीड तास लागत असेल तर आपला वेग तासाला ४०० मीटर. सव्वा तास लागत असेल तर ४८०. ही तुमची स्वतःची फूटपट्टी, खरं तर मीटरपट्टी. आता कुणी म्हणालं, "उद्या बाराशे मीटर चढ आहे," तर डोळ्यांपुढे लागोपाठ दोन सिंहगड येतील आणि पाणी किती घ्यायचं, निघायचं कधी, हे आपोआप ठरेल. मुंबईकरांनी नेहमीचा एखादा डोंगर असाच मोजून ठेवावा. कोणता ते महत्त्वाचं नाही, त्यावर चार-पाचदा जाणं महत्त्वाचं.

पायरी ४: नकाशा हाती घ्या

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उभं अंतर साधारणपणे २० मीटर असतं. हिमालयाच्या काही नकाशांवर ते ४० असतं, म्हणून समासातली नोंद आधी वाचा. ट्रेकरांच्या हातांत जुन्या एक इंच-एक मैलवाल्या नकाशांच्या प्रतीही फिरत असतात आणि त्यांवरच्या उंच्या फुटांत आहेत. शेजारशेजारचे दोन नकाशे जोडताना एक फुटांतला आणि एक मीटरमधला असेल तर तो घोळ वाटेवर लक्षात येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२० मीटरच्या नकाशावर दर पाचवी रेषा जाड असते. म्हणजे जाड रेषेपासून जाड रेषेपर्यंत शंभर मीटर. मी नकाशा टेबलावर पसरतो, वाट पेन्सिलीने आखतो आणि जिथे जिथे जाड रेषा ओलांडली जाते तिथे टिंब देतो. सोंडेवर टिंबं दूरदूर पडतात, नाळेत, म्हणजे अरुंद चढणीच्या घळीत, शिरलं की एकमेकांना चिकटतात. गावापासून माथ्यापर्यंत आठ टिंबं आली तर आठशे मीटर, गुणाकार-भागाकार काही नाही.

मीटरचा खरा फायदा इथेच आहे, कारण आडवं अंतर आणि उभी उंची एकाच मापात येतात. नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. पाच रेषा चार मिलिमीटरमध्ये बसल्या असतील तर २०० मीटर चालीत १०० मीटर चढ, म्हणजे दमवणारी पण चालण्याजोगी वाट. त्याच पाच रेषा दोन मिलिमीटरमध्ये दाटल्या असतील तर १०० मीटरमध्ये १०० मीटर, थेट ४५ अंश. तिथे हात लागणार, घसारा, म्हणजे पाय घसरवणारी सुटी माती-खडी, असेल तर रोपही लागणार. "२७०० फूट आणि साडेतीन किलोमीटर" असं सांगितलं तर यातलं काहीच मनात उमटत नाही.

पायरी ५: वेळेचा अंदाज बांधा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालीचा एक ठोकताळा मांडला. मेट्रिकमध्ये तो असा वापरतात: पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे शंभर मीटरला दहा मिनिटं, आणि आपल्या नकाशावरच्या प्रत्येक रेषेला दोन मिनिटं. समजा वाट चार किलोमीटर आणि चढ ८०० मीटर आहे: चालीची ४८ मिनिटं, चढाची ८०, मिळून दोन तास आठ मिनिटं.

हा अंदाज थंड हवेतल्या सरावाच्या माणसाचा आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पाठीवर सॅक आणि बॅचमध्ये पंधरा नवखे असताना मी त्याची दीडपट धरतो. उतारावर वेळ वाचेल असंही धरत नाही, सह्याद्रीतला मुरमाड उतार चढाइतकाच वेळ खातो. तुम्ही तुमच्या सिंहगडाच्या वेगावरून हे गणित बदलून घ्या.

तापमानाचाही हिशेब याच मापात बसतो. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. कोकणातल्या पायथ्याशी ३० अंश असतील तर बाराशे मीटरवर २२-२३ धरा, वाऱ्याची बोच वेगळी.

पायरी ६: फोन आणि घड्याळ सरळ करा

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एककं मेट्रिक करा, घड्याळातही करा, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांची एकदम करून घ्या. हे काम एसटीत बसल्या बसल्या होतं. त्याच्या पुढचा भाग मात्र नीट समजून घ्यायला हवा.

जीपीएस मुळात समुद्रसपाटीपासूनची उंची मोजत नाही. पृथ्वीचा एक गणिती, गुळगुळीत आकार धरून त्यापासूनची उंची ते काढतं. भारताच्या आसपास खरी समुद्रसपाटी या आकाराच्या बरीच खाली आहे, महाराष्ट्रात साधारण साठ-सत्तर मीटर. काही अ‍ॅप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. दुरुस्ती न करणारं अ‍ॅप घेऊन गिरगाव चौपाटीवर उभे राहिलात तर ते उंची उणे साठच्या आसपास दाखवेल. तुमचं अ‍ॅप कोणत्या जातीचं आहे, हे समुद्रकाठी एकदा तपासून ठेवा.

बॅरोमीटरवालं घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की ते समजतं, आपण आठेक मीटर वर आलो. पण हवा बदलली तरी दाब बदलतो, म्हणून त्याला अधूनमधून माहीत असलेल्या उंचीवर जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी आपल्या रेल्वेइतकी सोय कुणीच केलेली नाही. स्टेशनच्या नावाच्या पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, मीटरमध्ये. इगतपुरीला, लोणावळ्याला उतरलात की पाटीपाशी थांबा, घड्याळात तो आकडा भरा, मग चहा घ्या.

याच घड्याळाचा एक जास्तीचा उपयोग आहे. रात्री तंबूत झोपताना उंची टिपून ठेवा. सकाळी न हलता उंची तीस-चाळीस मीटर वाढलेली दिसली तर डोंगर वाढलेला नाही, दाब उतरला आहे. हवा बिघडण्याची ती खूण समजा.

पायरी ७: आकडा आहे तेवढाच नेमका ठेवा

"सुमारे ५००० फूट" याचं रूपांतर "सुमारे १५०० मीटर" असंच करायचं. १५२४ लिहिलंत की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मोजून आलंय. हिमालयातल्या कित्येक तळांच्या उंच्या ३६५८, ४२६७ अशा दिसतात. त्या मोजलेल्या नसतात, बारा हजार आणि चौदा हजार फुटांची नुसती भाषांतरं असतात.

गोल आकड्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, ही गोष्ट जुनीच आहे. १८५६ मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या गणितातून निघालेली सरासरी नेमकी २९,००० येत होती, पण ती अंदाजाने सांगितल्यासारखी वाटेल म्हणून वर दोन फूट टाकले, असं सांगतात. पुढे १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षणाने ८८४८ मीटर काढली आणि डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८८४८.८६ मीटर जाहीर केली.

उलट उदाहरण लडाखमधल्या खारदुंगला खिंडीचं. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट होतं, म्हणजे ५६०२ मीटर. जीपीएसने मोजलं तर खिंड ५३५९ मीटरवर भरते. फलकासोबत फोटो जरूर काढा, वहीत मोजलेला आकडा लिहा.

पायरी ८: हिमालयात झोपायची उंची मोजा

इथे एककाचा प्रश्न थेट जिवाशी येतो. २५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा गिर्यारोहण वैद्यकातला मान्य नियम आहे. तो मीटरमध्ये आहे आणि ट्रेकचा कार्यक्रम बहुधा फुटांत छापलेला असतो.

समजा तुमच्या कार्यक्रमात तळ असे आहेत: १०,५००, १२,५०० आणि १३,८०० फूट. वाचताना काही खटकत नाही. आता मीटर करा: ३२००, ३८१०, ४२०६. पहिल्या आणि दुसऱ्या तळात ६१० मीटर, म्हणजे नियम मोडलाय. हे घरी कळलं तर आयोजकाला विचारता येतं की मध्ये एखादा तळ किंवा विश्रांतीचा दिवस आहे का. वर गेल्यावर डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं की माणूस गणित करण्याच्या अवस्थेत राहत नाही. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुक्कामापुढे दोनच आकडे लिहा: झोपायची उंची आणि काल रात्रीपेक्षा वाढ. दुसऱ्या रकान्यात ५०० च्या वर काही दिसलं की त्याभोवती लाल गोल. लेहला विमानाने जाणाऱ्यांसाठी पहिलाच गोल प्रचंड असतो. मुंबईच्या शून्यातून एका सकाळी ३५०० मीटर. तिथे पहिले दोन दिवस निजून काढणं हाच ट्रेकचा भाग समजा.

पायरी ९: बोलताना आणि लिहिताना

निरोपात एकक पूर्ण लिहा. "मी" हे अक्षर मराठीत स्वतःला म्हणतात, "मि" मिनिटासाठी येतं आणि "१२०० मी" घाईत कसंही वाचलं जातं. वॉकीटॉकीवर तर नुसता आकडा कधीच सांगू नका. "तेराशेवर थांबलोय" यात फूट ऐकणारा आणि मीटर ऐकणारा यांच्यात नऊशे मीटरचा डोंगर उभा राहतो.

फूट पुरता सोडूनही चालणार नाही. विमानं आणि हेलिकॉप्टर जवळपास जगभर उंची फुटांतच मोजतात. हिमालयात बचावासाठी हेलिकॉप्टर मागवायची वेळ आली तर अक्षांश-रेखांश द्या आणि उंची दोन्ही मापांत, एककासह सांगा. म्हणून ती रूपांतराची रीत पाठ हवीच. गावातल्या मामांनाही मीटर शिकवायला जाऊ नका. ते वाट वेळेत सांगतात, "पाऊण तासात पाण्याच्या टाक्यापाशी," आणि ते त्यांच्या पायांचं अचूक माप असतं. आपण त्याची दुप्पट धरावी आणि वहीत मीटर लिहावेत.

पायरी १०: कडा मोजा, मग रोप सोडा

सुरुवातीच्या कड्यावर परत येतो. आता आमच्या सामानात चाळीस मीटरची बारीक दोरी असते. दर पाच मीटरवर एक गाठ, दहाच्या गाठीला लाल चिंधी, टोकाला वजनासाठी छोटी पिशवी, तिच्यात मूठभर खडे. कडा ठरला की आधी ती सोडतो. खाली पोचलेला गडी पिशवी जमिनीला टेकली की शिट्टी देतो, मग वर गाठी मोजायच्या. खाली माणूस पोचण्याजोगी दुसरी वाट नसेल तर दोरी हातात हलकी पडेपर्यंत सोडायची, दोन-तीन ठिकाणांहून सोडून बघायची, कारण ती मधल्या टप्प्यावरही टेकू शकते. मोजलेला आकडा आणि वर पाच मीटर, एवढा रोप दुहेरी पुरला तरच दुहेरी. नाहीतर दोन रोप जोडायचे, आणि टोकांना गाठी दोन्ही वेळा मारायच्याच.

रोपाच्या पिशवीवर जाड मार्करने लिहून ठेवलंय: "६० मीटर. दुहेरी २८ धरा." मधले दोन मीटर अँकरचे आणि गाठींचे.